सर, पुरवणी!

कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही असा माणूस महाराष्ट्रात आता सापडणं कठीण आहे, कारण ती समजावून सांगणारेच संख्येने जास्त झाले आहेत. लग्नाच्या हॉलमध्ये आइस्क्रीमच्या रांगेत, सोसायटीच्या वार्षिक सभेत पाणीगळतीचा विषय निघण्याआधी, हास्यक्लबात दोन हास्यांच्या मधल्या विश्रांतीत, कुठे ना कुठे कुणीतरी गाठतोच. समजावण्याची रीतही ठरलेली आहे. आधी ‘एकदम सोपं आहे’ म्हणायचं. मग ‘अल्गोरिदम’ म्हणायचं. समोरचा चेहरा कोरा राहिला की ‘म्हणजे बघा, डेटा असतो’ म्हणायचं, आणि तरीही कोराच राहिला तर आवाज खाली आणून ‘दोन वर्षांत सगळ्यांच्या नोकऱ्या जाणार’ एवढं सांगून आपली आइस्क्रीमची वाटी घेऊन चालू पडायचं. ऐकणाऱ्याला अल्गोरिदम कळलेला नसतो, पण नोकरी जाणार हे मात्र नीट कळतं. वास्तविक तो निवृत्त होऊन अकरा वर्षं झालेली असतात.

ऐकणाऱ्याचीही एक रीत आहे. तो मान हलवतो. आपल्याकडे अशा वेळी मान हलते ती समजलं म्हणून नव्हे, आता पुरे म्हणून. पण हे समजावणाऱ्याला अजून कुणी समजावलेलं नाही. मग घरी येऊन, आसपास नातवंडं नाहीत असं बघून, हा गृहस्थ मोबाइल उघडतो आणि २०२४च्या जूनपासून व्हॉट्सॲपमध्ये न बोलावता येऊन बसलेल्या त्या निळ्या कड्याला ‘शुभ सकाळ’ असं लिहितो. संध्याकाळचे सात वाजलेले असतात. कडं तत्परतेने ‘शुभ सकाळ! मी आपल्याला कशी मदत करू?’ म्हणतं. मदत काय मागायची हे ठरलेलंच नसल्यामुळे तो ‘काही नाही, सहज’ असं कळवतो आणि ओशाळून ‘धन्यवाद’ही म्हणतो. हे सगळं फुकट चालतं असं कुणी समजू नये. एप्रिल २०२५मध्ये कुणीतरी जाहीरपणे विचारलं की लोक चॅटजीपीटीला ‘प्लीज’ आणि ‘थँक यू’ म्हणतात त्याच्या विजेचा खर्च किती होत असेल. त्यावर ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी उत्तर दिलं की कोट्यवधी डॉलर, पण ते सत्कारणी लागले. त्या कोट्यवधींत आपला वाटा कमी नसावा. ज्या घरात जेवणावरून उठताना ‘छान झालं होतं’ असं तीन पिढ्यांत कुणी म्हटलेलं नाही, त्या घरातून यंत्राला हात जोडलेल्या चित्रांसकट आभार रवाना होत आहेत.

माझं म्हणणं असं की सामान्य माणसाला हे यंत्र समजत नाही ही तक्रारच मुळात खोटी आहे. चहाला उकळी येईपर्यंत समजून होईल इतकंच ते आहे, निदान आपल्याला लागतं तेवढं. (प्रस्तुत लेखकाचं तांत्रिक ज्ञान रिमोट चालेना झाला की बॅटऱ्या काढून पुन्हा त्याच घालणं इथवर आहे, तेव्हा जे लेखकाला समजलं ते वाचकाला समजणार नाही असं मानायला जागा नाही.) अडतं ते आपल्या एका फार जुन्या सवयीपाशी. वाक्य सुबक असलं, आवाज ठाम असला आणि मधे ‘अं’ आलं नाही, की बोलणाऱ्याला माहीत आहे असं आपण धरून चालतो. ही सवय घेऊन आपण आजवर निवडणुका काढल्या, विमा पॉलिसी काढल्या आणि कित्येकांनी लग्नंही काढली. आता त्याच सवयीसमोर असं एक यंत्र आणून ठेवलं आहे ज्याला सुबक आणि ठाम याखेरीज दुसऱ्या तऱ्हेने बोलणं फारसं जमत नाही.

आधी यंत्राचं उरकून घेऊ. या यंत्राला माणसांनी लिहिलेला अवाढव्य मजकूर वाचायला घातला: पुस्तकं, बातम्या, विश्वकोश, पाककृती, आणि इंटरनेटवर अनोळखी माणसांनी एकमेकांशी केलेली भांडणं. त्यातून ते मुख्यतः एक गोष्ट शिकलं, की इतका मजकूर समोर आला की पुढचा तुकडा बहुधा कोणता येतो. ‘नाचता येईना’ असं कुणी म्हटलं की आपल्याही तोंडात ‘अंगण वाकडं’ आपोआप येतं. त्या वेळी आपण टेप घेऊन अंगण मोजायला जात नाही. यंत्रही जात नाही. फरक एवढाच की आपल्याला असं दोन-चारशे म्हणींच्या बाबतीत होतं, त्याला जगातल्या जवळजवळ सगळ्या विषयांत होतं. हे जमवणारी जी रचना आहे ती २०१७ साली गूगलमधल्या आठ संशोधकांनी मांडली; त्यांतल्या निकी परमार यांचं अभियांत्रिकीचं शिक्षण पुण्याच्या पुणे इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर टेक्नॉलॉजीत झालेलं आहे. म्हणजे एक अष्टमांश तरी पुण्याचं. हा आकडा पुण्यात कमीच वाटेल, पण इलाज नाही. त्यानंतर माणसं बसवून यंत्राच्या उत्तरांना बरंवाईट ठरवून घेतलं, म्हणजे ते कसं बोललं की माणसाला बरं वाटतं हेही त्याला कळलं. झालं, उकळी आली.

एवढं समजलं की त्याच्या अनेक चमत्कारिक चुका आपोआप उलगडतात. २०२४ साली एक गंमत जगभर फिरली. ‘स्ट्रॉबेरी’ या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘आर’ हे अक्षर किती वेळा येतं, या प्रश्नाला भलीभली यंत्रं ‘दोनदा’ म्हणत. येतं तीनदा. कायद्याच्या आणि वैद्यकाच्या परीक्षा उत्तीर्ण होणारं यंत्र पहिलीच्या प्रश्नाला नापास झालेलं पाहून ज्या समाधानाची लाट उसळली ती अपूर्व होती; आयुष्यभर गणितात पस्तीस मिळवलेल्यांनी ती गंमत भावाला, मेहुण्याला आणि शाळेच्या ग्रुपवर गणिताच्या बाईंना पाठवली. कारण साधं होतं. यंत्राला शब्द अक्षरांनी दिसतच नाही, दोन-तीन तुकड्यांनी दिसतो; आत अक्षरं किती हे मोजायला त्याच्यापाशी अक्षरंच नसतात. आपल्या देवनागरीचे तर इंग्रजीपेक्षा जास्तच तुकडे पडत आले आहेत. पण मुद्दा मोजता आलं नाही हा नव्हे. मुद्दा असा की मोजता येत नसताना त्याने ‘दोन’ असं सांगितलं, आणि ज्या सुरात पृथ्वी गोल आहे असं सांगतं त्याच सुरात सांगितलं.

हा सूर आपल्या ओळखीचा आहे. बोर्डाच्या परीक्षेत प्रत्येक वर्गात एक मुलगा असतो. प्रश्नपत्रिका हाती पडल्यावर बाकीचे छताकडे बघत असतात, हा लिहायला लागतो. तास व्हायच्या आत उभा राहून ‘सर, पुरवणी!’ म्हणतो. सगळ्या वर्गाच्या पोटात गोळा येतो. हुशार मुलींच्याही. त्याला आलेला प्रश्न पानिपताच्या कारणांचा असतो आणि त्याला माहीत असतं फक्त पानिपत हे नाव. परंतु त्याने मुद्दे पाडलेले असतात, समास सोडलेला असतो, निळ्या शाईखाली काळ्या शाईने अधोरेखित केलेलं असतं, आणि शेवटी ‘अशा प्रकारे पानिपताची अनेक कारणे सांगता येतील’ असा समारोपही असतो. तपासणाऱ्याला दिवसाचा गठ्ठा संपवायचा असतो. तो पाचापैकी तीन देतो. या मुलाने खोटं लिहिलं असं म्हणता येणार नाही. खोटं लिहायला खरं काय हे ठाऊक लागतं. त्याने फक्त उत्तरासारखं दिसणारं काहीतरी लिहिलं, कारण कोऱ्या जागेला शून्य मिळतं आणि भरलेल्या जागेला काहीतरी मिळतं, हे त्याला शाळेनेच शिकवलं.

ओपनएआयच्या संशोधकांनी सप्टेंबर २०२५मध्ये यंत्राच्या थापांची कारणमीमांसा प्रसिद्ध केली, तीत त्यांनीही परीक्षार्थीचाच दाखला दिला आहे. यंत्रांची गुणवत्ता ज्या चाचण्यांवर ठरते त्यांतल्या बहुतेक चाचण्यांत ‘माहीत नाही’ या उत्तराला शून्य गुण असतात, आणि ठोकून दिलेलं उत्तर चुकून बरोबर आलं तर गुण मिळतात. म्हणजे निगेटिव्ह मार्किंग नाही. हे वाचून महाराष्ट्रातल्या कुठल्याही बारावीच्या पालकाला धक्का बसणार नाही. एमएचटी-सीईटीला चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत उरलेल्या सगळ्या प्रश्नांना ‘सी’ मारून येणारी मुलं घरोघर आहेत आणि त्यांना तसं करायला सांगणारे आईबापही. एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेत पाव गुण कापला जातो, तिथे तोच मुलगा अचानक विनम्र होतो आणि प्रश्न सोडून देतो. विनम्रता हा स्वभावाचा भाग आहे असं आपण मानतो. ती पाव गुणाला मिळते.

आता कुणी म्हणेल, असल्या पुरवण्यांना भोळीभाबडी माणसं फसत असतील, जाणकार कशाला फसतील? न्यूयॉर्कचे दोन वकील फसले. २०२३ची गोष्ट. विमानात खाद्यपदार्थांची गाडी गुडघ्याला लागली म्हणून एका प्रवाशाने एव्हियांका विमान कंपनीवर दावा लावला होता. त्याच्या वकिलांनी न्यायालयात आधीच्या निवाड्यांचे दाखले दिले, आणि त्यांतले सहा निवाडे पृथ्वीवर कुठेच झालेले नव्हते. चॅटजीपीटीने ते रचले होते. एकाचं नाव होतं ‘वर्गीस विरुद्ध चायना सदर्न एअरलाइन्स’. या नावात जी कारागिरी आहे ती पाहा. केरळातला कुणी एक वर्गीस, चीनचं विमान, वाटेत काहीतरी बिनसलं. खटला घडला नसला तरी घडायला हवा होता असं वाटतं. दोघांपैकी एका वकिलाला मधे शंका आली होती हे विशेष. त्याने खात्री करून घ्यायचं ठरवलं आणि खात्री कुठे केली, तर चॅटजीपीटीपाशीच. ‘हा खटला खरा आहे का?’ ‘हो, खरा आहे.’ चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणारे पुष्कळ पाहिले, किल्ल्या देऊन वर पावती मागणारा हा पहिलाच. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड केला.

पत्रकारही फसले. मे २०२५मध्ये ‘शिकागो सन-टाइम्स’ या दैनिकात उन्हाळ्यात वाचायच्या पंधरा पुस्तकांची यादी आली. त्यांतली दहा पुस्तकं लेखकांनी लिहिलेलीच नव्हती. लेखक खरे होते, इसाबेल अयेंदे यांच्यासारखे नामांकित होते, पुस्तकांना कथानकं होती, कथानकांना शिफारशी होत्या. फक्त पुस्तकं नव्हती. न वाचता परीक्षण लिहिण्याची कला आपल्याकडे यंत्रापूर्वीपासून जोपासलेली आहे, पण पुस्तक निदान कुणीतरी लिहून ठेवायचं ही किमान अट आपण पाळत होतो. आणि हे सगळं छापून आलं ते कुठे? अंकासोबतच्या खास पुरवणीत.

या दोन्ही ठिकाणी फसलेली माणसं अडाणी नव्हती, उलट व्यवसायाने शब्दांवर जगणारी होती. म्हणूनच फसली असावीत. निवाडा कसा दिसतो आणि पुस्तकाची ओळख कशी दिसते हे त्यांना इतकं पाठ होतं की दिसायला बरोबर असलेली गोष्ट त्यांनी तशीच पुढे सरकवली. गवंड्याला कुणी कागदावरची वीट दिली असती तर त्याने ती हातात घेताच ओळखली असती.

यंत्राला थट्टा कळत नाही हा आणखी एक भाग आहे, आणि विनोदी लिहिणाऱ्यांसाठी तो जिव्हाळ्याचा आहे. मे २०२४मध्ये गूगलने शोधाच्या उत्तरांवर यंत्राने लिहिलेला सारांश दाखवायला सुरुवात केली. पिझ्झ्यावरचं चीज घसरतं म्हणून तक्रार करणाऱ्याला त्या सारांशाने सॉसमध्ये थोडा डिंक घालण्याचा सल्ला दिला. कुणीतरी त्याच्या अकरा वर्षं आधी इंटरनेटवर मारलेला तो टोमणा होता. दुसऱ्या एकाला रोज निदान एक लहान दगड खावा असं सांगितलं. ते ‘द ओनियन’ या थट्टेखोर प्रकाशनातून आलं होतं. दोष दुरुस्त झाले, पण उपहास लिहिणाऱ्यांवर मात्र एक नवीनच जबाबदारी येऊन पडली आहे. हा लेखही उद्या यंत्राच्या पोटात जाणार. म्हणून इथे स्पष्ट लिहून ठेवतो: दगड खाऊ नयेत.

तरी थाप ही या यंत्राची लहान गंमत आहे. मोठी गंमत त्याच्या कौतुकात आहे, आणि तिथे मराठी माणूस पुरता उघडा पडतो. आपल्याकडे आमटी उत्कृष्ट झाली तर ‘मीठ बरोबर आहे’ असं म्हणतात. मुलाला ब्याण्णव टक्के पडले तर ‘आठ कुठे गेले?’ असं विचारतात. नवीन साडीला ‘जुनी बरी होती’, नवीन घराला ‘स्टेशनपासून लांबच पडतं’, आणि सेवानिवृत्तीच्या समारंभात मात्र एकदम पस्तीस वर्षांचं साठलेलं कौतुक, तेही ज्याला माणसाचं नाव नीट माहीत नाही अशा साहेबाकडून. अशा दुष्काळी मुलखात हे यंत्र आलं. त्याला विचारा, ‘तूरडाळीला कुकरच्या शिट्ट्या किती कराव्यात?’ ते म्हणतं, ‘फारच छान प्रश्न विचारलात! स्वयंपाकातल्या बारकाव्यांकडे इतकं लक्ष देणारे लोक कमी असतात.’ डाळ बाजूला राहते. पन्नास वर्षं शिट्ट्या मोजल्या, हे आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

या खुशमस्करीत सत्य कसं विरघळतं ते पाहायचं तर असा एखादा संवाद सहज घडू शकतो. ‘अष्टविनायकांत सातवा गणपती कोणता?’ ‘ओझरचा विघ्नेश्वर.’ हे बरोबर आहे. ‘पण आमचे काका म्हणतात रांजणगाव.’ ‘आपण अगदी योग्य मुद्दा मांडलात, क्षमस्व. सातवा रांजणगावचा महागणपती.’ ‘मग ओझर?’ ‘ओझरही सातवा मानता येईल.’ यंत्राने काकांना पाहिलेलं नाही, काकांचा अष्टविनायकाचा अभ्यास किती हे त्याला ठाऊक नाही, पण काका दुखावता कामा नयेत हे त्याने बरोबर ओळखलं. एकत्र कुटुंबात असली सून आली तर घरात भांडण होणार नाही आणि एकही गोष्ट वेळेवर होणार नाही. एप्रिल २०२५मध्ये ओपनएआयने आपल्या यंत्रात एक बदल केला, तेव्हा ते इतकं लाळघोटं झालं की काही दिवसांतच कंपनीला तो बदल मागे घ्यावा लागला. कारण त्यांनी स्वतःच सांगितलं: लोक उत्तराखाली जो पसंतीचा अंगठा दाखवतात त्याला जास्त वजन दिलं गेलं होतं. अंगठा आपला होता.

यंत्राला हे असं भुलणं आजचंही नाही. १९६६ साली एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ नावाचा एक अगदी साधा प्रोग्रॅम लिहिला होता. तो मानसोपचारतज्ज्ञाची बतावणी करी, म्हणजे समोरच्याचंच वाक्य उलटवून प्रश्न म्हणून परत देई. ‘मला उदास वाटतं’ म्हटलं की ‘आपल्याला उदास का वाटतं?’ एवढीच अक्कल. वायझेनबॉम यांच्या सेक्रेटरीने त्यांना महिनोन्महिने तो प्रोग्रॅम लिहिताना पाहिलं होतं. आत काही नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी दोन-चार वाक्यं त्याच्याशी बोलल्यावर ती वायझेनबॉमना म्हणाली, आपण जरा खोलीबाहेर जाता का? यंत्र आतून समजलं की माणूस भुलणार नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी या सेक्रेटरीबाईंचा विचार करावा. त्यांच्याइतकं आतून आपल्यापैकी कुणालाच कधी समजणार नाही.

यावर आइस्क्रीमच्या रांगेतले विद्वान म्हणतात की हे जुनं झालं, यंत्रं दर सहा महिन्यांनी सुधारतात, आता तर ती शोधून, खाली दुवे देऊन उत्तर देतात. खरं आहे. चुका कमी झाल्या आहेत आणि आणखी कमी होतील. पण पुरवणीवाला मुलगा दर दुसरं उत्तर चुकत होता तोवर मास्तर डोळे उघडे ठेवून तपासत होते. तो एकोणीस उत्तरं बरोबर लिहायला लागला की विसाव्याला मास्तरांचा डोळा लागतो. दुव्यांचं म्हणाल तर दुवा आहे एवढंच आपल्याला पुरतं. तो उघडून पाहणारा माणूस आणि विम्याचा अर्ज सही करण्यापूर्वी शेवटपर्यंत वाचणारा माणूस हे एकच असून तो अद्याप कुणाच्या पाहण्यात नाही. ‘चुका होऊ शकतात, महत्त्वाची माहिती तपासून घ्या’ असं चॅटजीपीटीच्या पडद्यावर तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीतला शेवटचा, धाप लागल्यासारखा म्हटलेला इशारा ज्या निष्ठेने आपण ऐकतो त्याच निष्ठेने आपण हेही वाचतो.

दुसरे म्हणतात, वीज कशी चालते ते तरी कुठे कळतं, तरी दिवा लावतोच की. लावतो, पण दिवा गेला की अंधार होतो. यूपीआयचे पैसे अडकले तर पडद्यावर तसं लिहून येतं आणि दुकानदार आपल्याकडे संशयाने बघतो. हे यंत्र बिघडतं तेव्हा धूर निघत नाही, लाल अक्षरं येत नाहीत. बिघडलेलं उत्तर आणि धड उत्तर यांचं व्याकरण, नम्रता आणि मुद्दे सारखेच असतात. सगळा घोळ इथे आहे.

आणि तिसरा आक्षेप खरोखर वजनदार आहे, तो असा की माणसं काय कमी थापा मारतात? अजिबात कमी मारत नाहीत. पण माणसाच्या थापेवर किती टक्के कापायचे याचा हिशेब आपण जन्मभर बसवत आलेलो असतो. अमुक मामांचं राजकीय भाकीत निम्म्याला घ्यायचं, तमुक वहिनींनी सांगितलेला सोन्याचा भाव दुकानात जाऊन बघायचा, आणि शेजारचे आप्पा ‘मी स्वतः पाहिलंय’ म्हणाले की ते त्या गावी कधी गेले होते का हे आधी काढायचं. शिवाय माणूस ठोकून देताना काहीतरी करतो. पंख्याकडे बघतो, कान खाजवतो, चष्मा पुसतो, ‘तसं बघायला गेलं तर’ अशी सुरुवात करतो. यंत्राला कान नाही आणि वर पंखाही नाही. त्यातून हा एकच यंत्रमामा एकाच वेळी शेतीपासून शस्त्रक्रियेपर्यंत सगळ्यावर बोलतो, आणि आपण त्याचं कापायचं प्रमाण एकदाच ठरवू पाहतो. ते विषयागणिक वेगळं लागतं.

मग वापरू नये का? जरूर वापरावं. सोसायटीच्या सेक्रेटरीला गळतीबद्दल सभ्य भाषेत लिहायचं पत्र हे माणसाकडून लिहून होत नाही; रागाने कागद फाटतो. यंत्र ते लिहून देतं आणि त्यात ‘आपले सहकार्य नेहमीच लाभले आहे’ असं धडधडीत असत्यही न अडखळता घालतं, जे तिथे हवंच असतं. बँकेचं इंग्रजी पत्र मराठीत सांगून घ्यावं, मग मूळ पत्रातले आकडे आणि तारखा आपण जुळवून बघाव्यात. सहलीचा आराखडा, नातवाच्या वाढदिवसाची पत्रिका, लांबलचक मजकुराचा गोषवारा, यात ते हरहुन्नरी आहे. आणि एका बाबतीत तर त्याला तोड नाही. फोटो कसे पाठवायचे हे मुलाला चौथ्यांदा विचारलं की तो ‘बाबा, परवाच सांगितलं होतं ना’ म्हणून जो सुस्कारा टाकतो, तो हे यंत्र टाकत नाही. चाळिसाव्यांदाही ‘छान प्रश्न’ म्हणतं. या खुशमस्करीचा एवढा एक उपयोग मान्य करायला हवा.

थोडक्यात, बरोबर उत्तर दिसतं कसं हे आपल्याला ओळखता येतं तिथे त्याला खुशाल पुरवण्या लावू द्याव्यात. ओळखता येत नाही तिथे, म्हणजे छातीत दुखतंय, जमिनीचा सातबारा, निवृत्तीची पुंजी, तिथे त्याचं सुंदर अक्षर हेच संशयाचं कारण समजावं. ज्यांनी यंत्र दारात बसवलं तेही अडचणीच्या वेळी काय करतात याचा नमुना आहेच. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या यंत्राने आजी वारलेल्या एका प्रवाशाला सांगितलं की आत्ता पूर्ण भाड्याने तिकीट काढा, दुःखाच्या प्रसंगाची सवलत नंतर मागता येईल. तसा नियम नव्हता. प्रकरण लवादासमोर गेलं तेव्हा कंपनीचा बचाव असा होता की हे यंत्र स्वतंत्र आहे आणि आपल्या बोलण्याला ते स्वतःच जबाबदार आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये लवादाने तो फेटाळला आणि कंपनीला सुमारे आठशे कॅनेडियन डॉलर भरायला लावले. स्वतःच्या दारात बसवलेल्या नोकराला ‘हा आमचा नाही’ म्हणायला मालकाला जड गेलं नाही, तर आपण त्याला घरचा समजण्याची घाई कशाला करावी?

तेव्हा वाचकहो, शिट्ट्या त्याला विचारा, पत्र त्याच्याकडून लिहून घ्या, शुभ सकाळही वाटेल त्या वेळी म्हणा. औषधाची मात्रा डॉक्टरांना विचारा आणि कायद्याचं वकिलाला. आणि वकिलाने उत्तर दिलं की त्यालाही एकदा विचारा, साहेब, हे आपण कुठून घेतलंत?